पापण्यांचा दाह : घरगुती काळजी आणि तिचे अर्थकारण

नेत्र-आरोग्याची चर्चा भारतात बहुधा मोतीबिंदूपासून सुरू होते आणि तेथेच संपते. त्याला कारणही आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचे यशापयश अंधत्वाच्या प्रमाणावर मोजले जाते आणि देशातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले, हा आकडा विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. परंतु ज्या विकाराने सहसा दृष्टी जात नाही, मात्र वर्षानुवर्षे डोळे चुरचुरतात, वाचन व शिवणकाम अवघड होते, त्याची नोंद या मोजमापात कोठेच होत नाही. पापण्यांचा दाह हा असाच एक विकार होय.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या विकाराकडे लक्ष द्यावे असे त्यात एक कोडे आहे. त्याचा मुख्य उपचार म्हणजे कोमट पाणी, स्वच्छ कापड आणि रोजची काही मिनिटे. औषध बहुतेकदा लागत नाही, शस्त्रक्रिया तर नाहीच. तरीही सर्वांत स्वस्त असलेला हा उपचार सर्वांत कमी पाळला जातो, आणि त्याऐवजी पैसे मोजून घेतलेले, क्वचित अपायकारक ठरणारे थेंब डोळ्यांत घातले जातात. असे का घडते, हे समजण्यासाठी आधी विकार समजून घ्यावा लागतो.

विकाराचे स्वरूप

पापणीच्या आत, केसांच्या रांगेमागे, तैलग्रंथींची एक ओळ असते. वरच्या पापणीत अशा सुमारे तीस ग्रंथी असतात, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. त्यांतून स्रवणारे तेल अश्रूंच्या थरावर पसरते आणि अश्रू लवकर सुकू देत नाही. हे तेल घट्ट झाले की ग्रंथींची तोंडे बुजतात. थंडीच्या दिवसांत बाटलीत गोठलेल्या खोबरेल तेलाची कल्पना येथे उपयोगी पडते. तेल असते, पण वाहत नाही. मग पापणीची कड लाल होते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात आणि अश्रू लवकर सुकत असूनही डोळ्यांतून पाणी येत राहते. दाहाचा दुसरा प्रकार केसांच्या मुळांशी असतो. तेथे कोंड्यासारखे पापुद्रे किंवा चिपडाच्या खपल्या साचतात. पुष्कळ रुग्णांमध्ये दोन्ही प्रकार एकत्र आढळतात, आणि ज्यांच्या डोक्यात कोंडा असतो त्यांना हा त्रास अधिक होतो.

रांजणवाडी ही याच कुटुंबातील, पण अल्पकाळची व्याधी. एखाद्या ग्रंथीत किंवा केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन वेदनायुक्त फोड येतो आणि तो बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बसतो. ग्रंथी केवळ तुंबली, संसर्ग नसला, तर न दुखणारी गाठ राहते व ती विरायला अधिक काळ लागतो.

एक बाब येथेच स्पष्ट केली पाहिजे. पापण्यांचा जुनाट दाह सांसर्गिक नाही. ‘डोळे येणे’ या साथीच्या आजाराशी त्याची गल्लत करू नये. तसेच तो मुळापासून बरा होतो असे मानण्यासही आधार नाही. जगभरातील चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन पुनरावलोकनाचा निष्कर्ष असा होता की, कोणताही एक उपचार हा विकार पूर्णपणे बरा करतो असा सबळ पुरावा नाही. पापण्यांच्या स्वच्छतेने लक्षणांना मात्र आराम पडू शकतो. म्हणजे हा रक्तदाबासारखा सांभाळण्याचा विकार आहे, तापासारखा बरा करण्याचा नव्हे.

घरगुती काळजीची रीत

गोठलेले तेल पातळ करायचे तर ऊब हवी, हे उघड आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद गरम वाटेल एवढ्या पाण्यात स्वच्छ सुती कापड बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. ओले कापड एक-दोन मिनिटांतच निवते. त्यामुळे ते पुनःपुन्हा गरम पाण्यात बुडवावे लागते. बहुतेकांचा शेक येथेच फसतो, कारण कापड एकदाच ठेवले जाते आणि ते थंड होईपर्यंत तेल पातळ झालेलेच नसते. उलट बाजूने, पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी असल्याने अति गरम पाण्याने ती भाजते. लहान मुलांच्या बाबतीत याची विशेष दक्षता घ्यावी.

शेकानंतर लगेच, पातळ झालेले तेल बाहेर यावे म्हणून पापणीवर बोटाने हलका दाब देत मालिश करावी. दिशा नेहमी केसांकडे असावी. वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर. त्यानंतर उकळून निवविलेल्या पाण्यात लहान मुलांचा सौम्य शाम्पू अगदी थोडा मिसळून, त्यात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने किंवा बोटाला गुंडाळलेल्या कापडाने केसांच्या मुळांशी साचलेल्या खपल्या पुसाव्यात. काहींना शाम्पूने चुरचुरते, अशांनी नुसते पाणी वापरावे. दोन डोळ्यांसाठी कापडाची वेगवेगळी टोके, आणि घरातील प्रत्येकासाठी वेगळे कापड, हा नियम पाळावा. कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. त्याच्या आधी व नंतर हात धुणे हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

हे सारे सुरुवातीला दिवसातून दोनदा, आणि त्रास ओसरल्यावर एकदा, असे चालू ठेवावे लागते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. या काळात काजळ व डोळ्यांची प्रसाधने टाळावीत, स्पर्शभिंगे शक्यतो लावू नयेत आणि कोंडा असल्यास त्याचाही उपचार करावा. मासळीच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्लांच्या गोळ्यांचा पुष्कळ प्रचार झाला. तथापि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, डोळ्यांच्या कोरडेपणावर या गोळ्या आणि दिखाऊ गोळ्या यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. गोळ्यांवरील खर्च टाळता येण्याजोगा आहे, एवढे त्यावरून म्हणता येईल.

परंपरेतील बरे आणि वाईट

रांजणवाडीवर लवंग उगाळून लावण्याची, किंवा बोट तळहातावर घासून त्याची ऊब देण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्यांतील उबेची कल्पना योग्यच होती. साधन मात्र सदोष होते, कारण न धुतलेले बोट आणि झोंबणारी लवंग ही दोन्ही डोळ्याजवळ नेण्याच्या वस्तू नव्हेत. फोड दाबून किंवा सुईने फोडणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. त्याने संसर्ग आत पसरतो. मध, लिंबाचा रस, कांद्याचा रस, अंगावरचे दूध असे पदार्थ डोळ्यांत घातल्याने बुबुळावरील पारदर्शक पटलाला जखमा झाल्याची उदाहरणे नेत्रतज्ज्ञांना नित्य पाहावी लागतात. पारंपरिक सुरम्यात शिसे आढळते, ही बाबही सुस्थापित आहे, आणि शिशाचा दुष्परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो.

परंपरेपेक्षा मोठा धोका मात्र बाजारातून येतो. दाह चटकन कमी करणारे स्टेरॉइडयुक्त थेंब हे अनुसूची ‘एच’मधील औषध आहे. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात ते सर्रास मिळते. दोन दिवसांत लाली जाते, रुग्ण खूश होतो, पुढच्या वेळी तोच थेंब मागून घेतो. अशा दीर्घ व बेहिशेबी वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. म्हणजे ज्या विकाराने दृष्टी जात नव्हती, त्याच्या चुकीच्या उपचाराने ती जाऊ शकते.

घरगुती काळजीची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दृष्टी धूसर होणे, डोळा तीव्र दुखणे, प्रकाश सहन न होणे, सूज पापणीपलीकडे पसरून ताप येणे, डोळा हलविताना वेदना होणे किंवा तो बाहेर आल्यासारखा दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास शेक देत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एकाच पापणीवर त्याच जागी वारंवार येणारी गाठ, विशेषतः उतारवयात व त्या ठिकाणचे केस गळत असतील तर, तपासून घ्यावीच लागते. भारतात पापणीच्या कर्करोगांमध्ये तैलग्रंथींच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे आणि तो आरंभी साध्या गाठीसारखा किंवा जुनाट दाहासारखाच दिसतो.

‘मोफत’ उपचाराची किंमत

अर्थशास्त्रात ‘मोफत’ हा शब्द जपून वापरावा लागतो. दिवसातून दोनदा दहा मिनिटे, असे सहा आठवडे केले तर एकूण ८४० मिनिटे, म्हणजे चौदा तास होतात. शेतमजूर स्त्रीच्या दृष्टीने हे जवळजवळ दोन दिवसांचे काम आहे. शिवाय ते सकाळच्या अशा वेळी करावयाचे, जेव्हा चूल, पाणी आणि मुले या तिन्हींची मागणी एकाच वेळी असते. पाणी तापविण्यास इंधन लागते. पाणी विहिरीवरून किंवा टँकरवरून आणावे लागत असेल, तर त्याचीही वेळेच्या रूपाने किंमत मोजलेली असते. औषधाच्या दुकानातील थेंबांची किंमत रुपयांत दिसते, शेकाची किंमत वेळेत मोजावी लागते आणि ती कोणत्याही हिशेबवहीत येत नाही. यालाच संधी-खर्च म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकातील कारखानदाराच्या उदाहरणापेक्षा तो येथे अधिक स्वच्छ दिसतो.

दुसरे कारण लाभाच्या वेळेशी निगडित आहे. शेकाचा खर्च आज, लाभ महिन्याने. थेंबांचा लाभ आज, खर्च काही वर्षांनी. वर्तमानाला भविष्याहून अधिक वजन देण्याची मनुष्याची प्रवृत्ती लक्षात घेता, थेंबांची निवड ही केवळ अज्ञानाची निशाणी ठरत नाही.

तिसरे कारण माहितीच्या असमानतेचे. लाली नेमकी कशाची आहे हे रुग्णाला कळत नाही. विक्रेत्याला कळले तरी कोमट पाण्याची शिफारस करण्यात त्याचा काहीच फायदा नसतो. ज्या वस्तूतून कोणालाही नफा होत नाही, तिची जाहिरात कोणी करत नाही. अशी माहिती पुरविणे हे म्हणूनच शासनाचे काम ठरते. एकूण आरोग्य-खर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट महत्त्वाची आहे. पण उरलेल्या खर्चात औषधांचा भाग मोठा असून, अशा अनावश्यक थेंब-मलमांची त्यात किती भर पडते याचा विचार क्वचितच होतो. उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रांच्या रूपांतरातून उभ्या राहिलेल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवा-सूचीत डोळ्यांच्या सामान्य तक्रारींचा समावेश आहे. तेथील कर्मचाऱ्याने पाच मिनिटे खर्चून शेक देऊन दाखविणे हे एका मलमाच्या नळीपेक्षा अधिक मोलाचे आहे. अडचण एवढीच की, वाटलेल्या नळ्या मोजता येतात, दाखविलेला शेक मोजता येत नाही.

खुपरी : जेथे एका घराची काळजी पुरत नाही

आतापर्यंत विचारात घेतलेला दाह खासगी आहे. एका व्यक्तीने पापणी स्वच्छ ठेवली नाही तर त्रास तिलाच होतो. पापणीचा आणखी एक दाह मात्र असा आहे की, ज्यात शेजारच्या घरातील अस्वच्छता आपल्या घरातील मुलाच्या डोळ्यात येते. तो म्हणजे खुपरी. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जंतूमुळे होणारा हा रोग डोळ्यांतील स्राव, हात, एकत्र वापरलेले पंचे आणि माश्या यांच्याद्वारे पसरतो. बालपणी वारंवार संसर्ग झाला की वरच्या पापणीच्या आतील बाजूस व्रण धरतात, पुढे पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासू लागतात. प्रत्येक उघडझापीसरशी पारदर्शक पटल खरवडले जाऊन ते अखेरीस अपारदर्शक होते. मुलांना सांभाळणाऱ्या स्त्रियांना संसर्ग अधिक वेळा होतो. त्यामुळे या रोगाने अंध होण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या चौपटीपर्यंत असल्याचे जागतिक आरोग्य संघटना नमूद करते.

येथे बाह्यतेचे तत्त्व लागू होते. एका घराने मुलांची तोंडे धुतली तरी वस्तीतील इतरांनी धुतली नाहीत तर संसर्ग परत येतो. म्हणून केवळ वैयक्तिक प्रयत्न अपुरे पडतात आणि सामुदायिक कार्यक्रम लागतो. भारताने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९६३ मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात विलीन करण्यात आला. १९७१ मध्ये देशातील एकूण अंधत्वापैकी ५ टक्के अंधत्व खुपरीमुळे होते, हे प्रमाण पुढे १ टक्क्याच्या खाली आले. राजस्थान, गुजरात, पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेश या कोरड्या व धुळीच्या पट्ट्यांत रोगाचा जोर होता. पण बेटेही सुटली नव्हती. कार निकोबारमध्ये २०१० च्या पाहणीत जवळजवळ निम्म्या लहान मुलांत सक्रिय खुपरी आढळली. तेथे तीन वर्षे दरवर्षी एकदा संपूर्ण लोकसंख्येला अझिथ्रोमायसिन देण्यात आले, आणि त्यानंतर हे प्रमाण एकअंकी झाले.

जागतिक पातळीवर स्वीकारलेल्या धोरणाचे चार भाग आहेत. आत वळलेल्या पापण्यांची शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर-सुधारणा. पहिले दोन आरोग्य खात्याचे. तिसरा घराचा. चौथा पाणीपुरवठा व स्वच्छतेचा. तोंड धुण्यास पाणी फार लागत नाही, हे खरे. पण डोक्यावरून आणलेल्या हंड्याचे वाटप करताना पिणे, स्वयंपाक व जनावरे यांच्यानंतरच मुलाच्या चेहऱ्याचा क्रम लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये जल जीवन अभियान सुरू झाले तेव्हा सुमारे १७ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे नळजोडणी होती. २०२५ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात पोहोचले. अर्थात नळ असणे आणि नळाला रोज पाणी असणे यांतील अंतर उन्हाळ्यात मराठवाड्यातील कोणीही सांगू शकेल.

वर्षांविषयी एक खुलासा विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल, कारण येथे नेहमी घोटाळा होतो. २०१४ ते २०१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मुलांमधील सक्रिय खुपरीचे प्रमाण ०.७ टक्के आढळले आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने देश सांसर्गिक खुपरीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. परंतु ती जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता नव्हती. त्यासाठी दोन कसोट्या आहेत. एक ते नऊ वर्षे वयोगटात सक्रिय रोग ५ टक्क्यांहून कमी हवा, आणि पंधरा वर्षांवरील व्यक्तींत आरोग्ययंत्रणेला अज्ञात असलेले, केस आत वळलेले रुग्ण ०.२ टक्क्यांहून कमी हवेत. शिवाय अशा रुग्णांना शोधून उपचार देणारी व्यवस्था कार्यरत असल्याचे दाखवावे लागते. या दुसऱ्या कसोटीसाठी २०२१ ते २०२४ या काळात दोनशे जिल्ह्यांत स्वतंत्र पाहणी झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मान्यता मिळाली. आग्नेय आशिया विभागात नेपाळ व म्यानमारनंतर भारत हा तिसरा देश ठरला. ही मान्यता ‘सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून निर्मूलन’ अशी आहे. देवीप्रमाणे रोगाचे समूळ उच्चाटन झाले, असा तिचा अर्थ होत नाही. जंतू कोठेही शिल्लक नाही, असा दावा त्यात नाही.

दुसरी कसोटी गाठण्यास अधिक काळ लागला, यामागेही घरगुती काळजीचाच एक प्रकार आहे. बालपणीचा संसर्ग थांबला तरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पापणीत धरलेले व्रण आपले काम करीत राहतात. अशा वृद्ध स्त्रिया टोचणारे केस चिमट्याने उपटतात किंवा शेजारणीकडून उपटून घेतात. काही दिवस बरे वाटते. केस पुन्हा उगवतात, अधिक राठ व आखूड, आणि पुन्हा टोचतात. यावर उपाय पापणीच्या छोट्या शस्त्रक्रियेचा आहे. ती स्थानिक भूल देऊन होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. पण चिमटा घरात असल्याने ती स्त्री दवाखान्यात जात नाही, आणि न गेल्याने आरोग्ययंत्रणेच्या यादीत तिचे नाव येत नाही. दोनशे जिल्ह्यांत घरोघरी जाऊन वृद्धांच्या पापण्या उचलून पाहाव्या लागल्या, त्या यासाठीच.